फोन कोणासमोर खिशात जातो?

मोबाइलने माणसांची रीतभात बिघडवली, ही तक्रार आता लग्नाच्या मांडवात, देवळाच्या ओट्यावर, रेल्वेच्या डब्यात, शाळेच्या पालकसभेत, सगळीकडे एकाच सुरात ऐकू येते. तक्रार खोटी नाही. जेवताना ताटाशेजारी फोन ठेवणे, समोरचा बोलत असताना मान खाली घालून स्क्रीन चाळत बसणे, भरल्या डब्यात मोठ्या आवाजात रील लावणे, मयताला गेल्यावरही कोपऱ्यात उभे राहून जमिनीचा व्यवहार ठरवणे, हे रोज घडते आणि रोज खटकते. पण तोच माणूस साहेबांच्या केबिनमध्ये शिरताना फोन सायलेंटवर टाकतो, कोर्टाच्या दारातच तो बंद करतो, मुलीच्या सासरच्या मंडळींसमोर खिशातून काढतही नाही. म्हणजे रीत त्याला ठाऊक आहे आणि फोन आवरायलाही येतो. तो कोणासमोर आवरला जातो आणि कोणासमोर नाही, हे कोणी फारसे विचारत नाही. माझे म्हणणे असे आहे की मोबाइलने रीतभात नाहीशी केली नाही. फोन महाग आणि सामायिक होता तोवर त्याची मर्यादा शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोरही पाळावी लागे. तो स्वस्त आणि ज्याचा त्याचा झाला तशी ही मर्यादा आपल्याहून वरच्या माणसापुरती उरली. बरोबरीच्याला ती अर्धीमुर्धी मिळते, खालच्याला मिळत नाही.

हे तपासून पाहायला नेरळसारखे गाव सोयीचे आहे. मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावरचे हे स्थानक मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे 86 किलोमीटरवर. पहाटे अंधारात घर सोडून रात्री परतणारा नोकरदार वर्ग इथे मोठा आहे. 1907 साली सुरू झालेली माथेरानची छोटी गाडी इथूनच वर चढते, त्यामुळे शनिवार-रविवारी पर्यटकांची रीघ लागते. आजूबाजूच्या शेतजमिनींवर फार्महाऊस उभी राहिली आहेत. मालक मुंबई-ठाण्याला, राखणीला इथला माणूस. आणि डोंगराच्या कडेकडेने ठाकर व कातकरी समाजाच्या वाड्या आहेत, जिथली कितीतरी कुटुंबे पावसाळा सरला की वीटभट्ट्यांवर कामाला बाहेर पडतात. नोकरदार, पर्यटक, फार्महाऊसवाला शेठ आणि वाडीवरचा मजूर हे चौघे एकाच बाजारपेठेत, एकाच फलाटावर एकमेकांना भेटतात आणि बहुतेकांच्या हातात फोन असतो. फोनच्या निमित्ताने कोण कोणाला ताटकळत ठेवतो, हे अशा गावात लपून राहत नाही. मोठ्या शहरात माणसे आपापल्या थरातच वावरतात, त्यामुळे तिथे हा प्रश्न नुसता आवाजाचा वाटतो.

आधीचा काळ नीट आठवून पाहिला पाहिजे, कारण 'पूर्वी असे नव्हते' या वाक्यावरच सगळी तक्रार उभी असते. 1990 च्या आधी खेड्यात फोन मोजक्या ठिकाणी असायचा: डॉक्टरांकडे, किराणा दुकानात, एखाद्या सधन घरात. नोकरीच्या अर्जावर शेजाऱ्यांचा नंबर देऊन त्यापुढे 'पी. पी.' लिहिले जाई. फोन करणारा आधी स्वतःचे नाव सांगे, घरच्यांची खुशाली विचारी आणि मग म्हणे, 'जरा शेजारच्या काकांना बोलावता का? मी दहा मिनिटांनी परत करतो.' घरातले एखादे पोर धावत जाई. बोलावलेला माणूस चपला बाहेर काढून आत येई, उभ्यानेच बोले, आवाज बेताचा ठेवी आणि जाताना चहा नको म्हणून निघे. जेवणाच्या वेळी फोन करायचा नाही, रात्री नऊनंतर तर नाहीच. अवेळी घंटी वाजली की कोणी तरी गेले, असेच घरभर वाटायचे. या रीतीत गोडवा होता हे मान्य. पण ती माणसांच्या अंगच्या सभ्यतेतून आलेली नव्हती. दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या उपकाराखाली उभे राहून बोलणारा माणूस हळूच बोलणार, थोडक्यात आवरणार. शिवाय त्या घरातल्या प्रत्येकाच्या कानावर त्याचे बोलणे पडत होते. लग्न ठरलेल्या मुलीला होणाऱ्या नवऱ्याशी दोन शब्द बोलायचे तरी शेजारच्या चार माणसांसमोर बोलावे लागे. आणि ज्याला त्या घराच्या ओटीवरही कोणी बसू देत नव्हते, त्या वाडीवरच्या माणसासाठी पी. पी. नंबरची सोय कुठून असणार? जुन्या रीतीची आठवण काढताना ती कोणापुरती होती, हेही आठवले पाहिजे.

पुढे सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने देशभर पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-पीसीओ झाले. काचेच्या खोक्यात लाल आकडे पळत असायचे आणि बाहेर रांग. रात्री दर उतरले की रांग वाढायची. तिथेही माणूस थोडक्यात बोले, कारण आकडे पुढे सरकत होते आणि पाठीमागचा खाकरत होता. 31 जुलै 1995 रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवरून संभाषण केले आणि देशात या फोनचे युग सुरू झाले. तेव्हा एका मिनिटाला 16 रुपयांच्या घरात दर पडे आणि आलेला फोन उचलायलाही पैसे लागत. त्यामुळे दुसऱ्याला मोबाइलवर फोन करणे म्हणजे त्याच्या खिशात हात घालणे होते, आणि लोक आधी विचारून, कारण असेल तरच करत. याच टंचाईतून मिस्ड कॉलची भाषा जन्मली: एक घंटी म्हणजे स्टेशनवर उतरलो, दोन म्हणजे उशीर होईल, सलग वाजत राहिला तर उचल. ही भाषा कोणी शिकवली नव्हती. माणसांनी गरजेपोटी ती एकमेकांत ठरवली आणि तंतोतंत पाळली. नवीन यंत्रासाठी रीत घालून घेणे आपल्याला जमत नाही असे जे म्हणतात, त्यांना मिस्ड कॉल हे पुरेसे उत्तर आहे.

मग दर पडले. 2002 च्या डिसेंबरात रिलायन्सने मिनिटाला 40 पैशांची घोषणा केली. मे 2003 पासून आलेला फोन फुकट झाला. 5 सप्टेंबर 2016 ला जिओ आले आणि बोलणे आणि इंटरनेट दोन्हीची किंमत जवळजवळ उरली नाही. या प्रत्येक पायरीवर एकेक लगाम सुटला. बोलण्याला पैसे पडेनात तेव्हा थोडक्यात बोलण्याचे कारण गेले. फोन घरातल्या प्रत्येकाचा झाला तेव्हा दुसऱ्याच्या ओसरीवरचा संकोच गेला. चित्रफिती फुकट झाल्या तेव्हा कान एकाचा आणि आवाज सगळ्यांचा अशी स्थिती आली. या तेरा-चौदा वर्षांत माणसाचा स्वभाव बदलला असे मानायला काही आधार नाही. माणूस तोच राहिला, त्याला आवरणारी बाहेरची कारणे गेली. आणि ती गेल्यावर आतली कारणे किती होती, हे कळले.

कर्जतहून निघून नेरळला थांबणारी पहाटेची लोकल घ्या. डब्यातली निम्मी माणसे झोपेत असतात. बदलापूर-अंबरनाथपर्यंत खिडकीला डोके टेकून मिळालेली ती झोप त्यांच्या दिवसातली मोठी कमाई असते. कुठे तरी एक फोन सुरू होतो: आधी भक्तिगीत, मग विनोद, मग कोणाचे तरी भाषण, पंधरा-पंधरा सेकंदांचे तुकडे, कधी न संपणारे. कोणी डोळे उघडून बघतो, कोणी चुळबुळतो, बोलत सहसा कोणी नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन याने 1963 मध्ये लिहून ठेवले की अनोळखी माणसे सार्वजनिक जागेत एकमेकांची क्षणभर दखल घेतात आणि मग नजर वळवून एकमेकांना मोकळे सोडतात. शहरी सभ्यतेचा पाया हाच. फोनवाला यातला पहिला भाग गाळतो. शेजारी माणूस आहे याची दखलच तो घेत नाही, त्यामुळे त्याला मोकळे सोडण्याचा प्रश्नही त्याच्यापुरता उरत नाही.

यावर पटकन एक आक्षेप येतो: मुंबईची लोकल शांत होती केव्हा? भजनी मंडळे टाळ-मृदंगासह डब्यात बसत, पत्त्यांचे डाव रंगत, भांडणे व्हायची, राजकारणावर कल्याणपासून दादरपर्यंत वाद चालत. आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. भजनाविरुद्धही तक्रारी झाल्या आहेत, रेल्वेने कारवाईही केली आहे. पण फरक असा की भजनाचा डबा कोणता, हे पासधारकांना माहीत असे. नको असणारा दुसऱ्या डब्यात जाई, आवडणारा मुद्दाम तिथे येई. शेजाऱ्याच्या हातात टाळ दिला जाई. चतुर्थीला प्रसाद वाटला जाई. म्हणजे आवाज होता, पण शेजारचा माणूस त्या आवाजात मोजलेला होता. मोबाइलच्या आवाजात तो मोजलेला नसतो. माझ्या दृष्टीने दोष डेसिबलचा कमी आणि या न मोजण्याचा जास्त आहे.

नियम नाहीत असेही नाही. 1989 च्या रेल्वे कायद्याचे कलम 145 उपद्रव करणाऱ्याला गाडीतून उतरवण्याची आणि शिक्षेची तरतूद करते. जानेवारी 2022 मध्ये रेल्वे मंडळाने रात्री दहानंतर मोठ्याने फोनवर बोलणे, हेडफोनशिवाय गाणी लावणे याला लांब पल्ल्याच्या गाड्यांत मनाई केली. लोकलच्या खच्चून भरलेल्या डब्यात मात्र हे कलम कोण कोणावर लावणार? शेजारच्याला 'आवाज जरा कमी करता का' असे म्हणण्याची हिंमत लागते, आणि ती हिंमतही थर बघूनच होते. इस्त्रीच्या शर्टातला माणूस मोठ्याने व्यवहाराचे बोलत असेल तर लोक गप्प बसतात. वीटभट्टीवरून परतणारा मजूर स्पीकरवर बायकोशी बोलत असेल तर तीनजण एकदम खेकसतात. दोघांचा आवाज सारखाच असतो. दुसऱ्याकडे बहुधा इअरफोन नसतो, त्याला फोनवर बोलायला स्वतंत्र खोलीही नसते, आणि चार-पाच महिने दुरावलेल्या घराशी बोलण्याची त्याची वेळ हीच असते. शांततेचा आग्रह धरताना हे विसरले तर आपण रीतभातीच्या नावाखाली गरिबाला हुसकावू लागतो. माझा आग्रह सोडायला मी तयार नाही, पण तो आधी इस्त्रीच्या शर्टाकडे धरला पाहिजे.

फोन वर पाहूनच आवरला जातो, याचा सर्वांत स्वच्छ पुरावा सरकारी कागदावर आहे. जुलै 2021 मध्ये महाराष्ट्र शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने कार्यालयीन वेळेतील मोबाइल वापराबद्दल कर्मचाऱ्यांना सूचना दिल्या. सरकारी कामासाठी आधी लँडलाइन वापरा, मोबाइलवर हळू आणि सौजन्याने बोला, खासगी फोन आला तर बाहेर जाऊन घ्या, बैठकीत आणि वरिष्ठांच्या दालनात फोन सायलेंटवर ठेवा, लोकप्रतिनिधींचे आणि वरिष्ठांचे फोन विनाविलंब घ्या. सूचना चांगल्या आहेत, हळू बोलायला सांगणारी तर फारच. पण त्यांचा कल कुठे आहे पाहा. वरिष्ठांसमोर फोन गप्प करायचा आणि वरिष्ठांचाच आला तर लगेच उचलायचा. सातबाऱ्यासाठी खिडकीशी उभ्या असलेल्या शेतकऱ्यासमोर वाजला तर काय, हे तितक्या ठसठशीतपणे त्यात येत नाही. पुढल्या वर्षी, 2 ऑक्टोबर 2022 पासून, फोनवर 'हॅलो'ऐवजी 'वंदे मातरम्' म्हणावे असे आवाहन शासनाने केले. फोन उचलल्यावर पहिला शब्द कोणता असावा, यावर राज्यभर चर्चा झाली. खिडकीपलीकडच्या माणसाला किती वेळ थांबवायचे, यावर झाली नाही. तलाठी कार्यालयापासून बँकेपर्यंत सामान्य माणसाच्या मनाला लागणारी गोष्ट ही दुसरी आहे. समोर उभ्या माणसाचे काम अर्ध्यावर टाकून फोन घेणे म्हणजे 'तुझ्यापेक्षा तो महत्त्वाचा' असे तोंडावर सांगणे होय, आणि ते कोणाला सांगितले जाते हे नेहमी ठरलेले असते.

याच नियमाची दुसरी बाजू म्हणजे कोणाला फोन न उचलण्याचा हक्क नाही. फार्महाऊसचा राखणदार घ्या. शुक्रवारी रात्री साडेदहाला फोन येतो: उद्या वीस माणसे येतायत, गाद्या उन्हात टाक, टाकी भर, कोंबड्या सांगून ठेव. शनिवारी पहाटे पुन्हा: गेट उघडं आहे ना? मधल्या दिवसांत व्हिडिओ कॉल करून झाडांना पाणी घातले की नाही ते दाखवायला सांगितले जाते. तो जेवायला बसला आहे का, बायको आजारी आहे का, हे विचारून फोन लावला जात नाही. शेठने त्याचा फोन चार वेळा न उचलणे ही शेठची अडचण समजली जाते. त्याने एकदा न उचलला तर 'फोन कशाला दिलाय तुला?' मुंबईतल्या कचेरीत नोकरी करणाऱ्या नेरळकराची गत याहून फार वेगळी नाही. घरी पोहोचल्यावरही साहेबांचा व्हॉट्सअॅप ग्रुप चालूच असतो. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेबाहेर फोन आणि ईमेलपासून अलिप्त राहण्याचा हक्क 2017 पासून कायद्यात आला. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये तशाच हक्काचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. कायदा झाला नाही. झाला असता तरी त्याचा फायदा पगारपत्रक असलेल्यांना झाला असता. राखणदाराला, घरकाम करणाऱ्या बाईला, टॅक्सीवाल्याला झाला नसता. त्यांच्यापुरती रीत हाच काय तो कायदा.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप उभा राहतो, आणि त्याला मी हलके लेखत नाही. फोनने खालच्या माणसाला दाबले असे म्हणणे अर्धवट आहे. त्यानेच त्याला उभेही केले. नेरळहून दस्तुरी नाक्यापर्यंत जाणारा टॅक्सीवाला, माथेरानचा घोडेवाला, घरगुती जेवण देणारी बाई यांना आता गिऱ्हाईक थेट फोन करते. मधल्या दलालाची गरज कमी झाली. मजुराला मुकादमाशी भाव करता येतो. वाडीतली गरोदर बाई 108 वर फोन करून रुग्णवाहिका मागवू शकते. जुन्या काळी ज्यांना पी. पी. नंबरही नव्हता, त्यांच्या हातात आज स्वतःचा नंबर आहे. हे सगळे खरे आहे आणि जुन्या रीतीकडे परत जाण्याची इच्छा म्हणूनच मला मान्य नाही. पण हाती फोन असणे आणि तो उचलला जाणे यात अंतर आहे. फसवणुकीच्या आणि जाहिरातींच्या फोनांमुळे अनोळखी नंबर उचलायचा नाही, ही आज सुशिक्षितांची रीतच झाली आहे, आणि ती समजण्यासारखी आहे. फटका मात्र कोणाला बसतो? ज्याचे सिम बदलत राहते, ज्याचा रिचार्ज संपला की तो दुसऱ्याच्या फोनवरून फोन लावतो, त्याला. मजुरी बाकी असलेला गडी ठेकेदाराला दहा वेगवेगळ्या नंबरांवरून फोन करत राहतो. संदेश पाठवून आधी विचारावे तर लिहिता येत नाही. 'फोन करू का?' असा संदेश आधी टाकण्याची तरुणांची नवी पद्धत चांगली आहे, जुन्या पी. पी. काळाच्या अदबीची आठवण करून देणारी आहे. फक्त तिच्यात लिहिता-वाचता येणाऱ्यांचीच सोय आहे, एवढे लक्षात ठेवावे.

समोर कोणी वरचा नसला आणि अंधार असला की काय होते, हे मराठी रंगभूमीने पाहिले आहे. 2019 साली सुमीत राघवन यांनी नाशिकच्या प्रयोगात फोन वाजत राहिल्याने नाटक थांबवले. त्याच महिन्यात सुबोध भावे यांनी, असेच चालणार असेल तर नाटकात काम करणे थांबवावे लागेल, असे जाहीरपणे लिहिले. प्रयोगापूर्वी सूचना दिली जाते, तरी घंटी वाजते, आणि काही जण खुर्चीत बसूनच बोलतात. 'तिकीट काढले आहे' हे त्यावरचे समर्थन. रंगमंचावरचा नट मोठा असला तरी त्या क्षणी तो प्रेक्षकाच्या पैशावर उभा आहे, अशी ती समजूत. तेव्हा नाट्यगृहात जॅमर बसवण्याची मागणी झाली, मुंबई महापालिकेत प्रस्तावही आला. जॅमर हे पराभवाचे यंत्र आहे असे मला वाटते. प्रेक्षकांत एखादा डॉक्टर असतो, कोणाची आई रुग्णालयात असते. सगळ्यांचे फोन मारून टाकणे म्हणजे थोड्यांच्या बेफिकिरीची शिक्षा सगळ्यांना देणे. आणि जॅमरच्या दारातून बाहेर पडलेला माणूस पुढच्या क्षणी तोच असतो.

कॅमेऱ्याबद्दल सविस्तर बोलले पाहिजे, कारण फोनने रीतभातीला दिलेला सर्वांत मोठा धक्का आवाजाचा नसून नजरेचा आहे, आणि आपल्या भागात तो रोज दिसतो. पूर्वी कॅमेरा काढला की लोक सावध होत, फोटो काढणाराही विचारी. आता हातातला फोन बोलायला धरला आहे की चित्रण करायला, हेच समोरच्याला कळत नाही. पावसाळ्यात टपालवाडीच्या किंवा आषाण्याच्या धबधब्याकडे जाणारी गर्दी वाटेतल्या वाडीतून जाते. मोळी घेऊन उतरणारी बाई, अंगणात आंघोळ करणारे पोर, कुडाचे घर, त्यातली चूल, सगळे टिपले जाते. विचारून टिपले जात नाही. हीच मंडळी आपल्या सोसायटीच्या आवारात कोणी अनोळखी माणूस फोन रोखून उभा राहिला तर सुरक्षारक्षकाला हाक मारतील. जुलै 2024 मध्ये आपल्याच रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातल्या कुंभे धबधब्याजवळ रील करताना एक तरुणी दरीत कोसळून गेली. अशा घटनांनंतर प्रशासन जमावबंदी लावते, फलक उभे राहतात. जिवाच्या धोक्याबद्दल फलक असतो, आणि असायलाच हवा. वाडीतल्या माणसाच्या अब्रूबद्दल मात्र कुठे फलक दिसत नाही.

19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह सापडले आणि 57 जण बेपत्ता असताना शोध थांबवावा लागला. त्या रात्री वस्तीबाजूच्या शाळेत काही तरुण मोबाइलवर खेळत बसले होते, ते वाचले आणि त्यांनीच खाली बातमी पोहोचवली, असे तेव्हाच्या वृत्तांतून समोर आले. रात्री उशिरापर्यंत फोनमध्ये डोके घालून बसणारी पोरे म्हणून ज्यांना कोणीही बोल लावला असता, तीच त्या रात्री पहिली मदत ठरली. मोबाइलवर सरसकट राग धरणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये. पण त्याच दुर्घटनेनंतर परिसरात येणारी गर्दी रोखायला जमावबंदी जाहीर करावी लागली, हेही विसरू नये. ज्यांची माणसे चिखलाखाली होती त्यांच्यासमोर फोन उंचावून उभे राहणाऱ्यांना रीत माहीत नव्हती असे नाही. स्वतःच्या घरच्या मयतात त्यांनी असे केले नसते.

घरातल्या बदलांबद्दल थोडक्यात. लग्नाचे आमंत्रण अक्षता घेऊन दारी जाऊन करण्याऐवजी व्हॉट्सअॅपवर पत्रिका येते, दशक्रियेचा निरोप ग्रुपवर पडतो, खाली श्रद्धांजलीचे हात एकापाठोपाठ जुळतात. यात हळहळण्यासारखे थोडेच आहे. दूर गेलेल्या माणसांना एका वेळी कळते, प्रवासखर्च वाचतो. खटकते ते एवढेच की तिथेही मानाच्या चार घरी आजही प्रत्यक्ष जाऊन आमंत्रण होते आणि बाकीच्यांना फक्त संदेश. जेवणाच्या टेबलावरच्या फोनबद्दल 2012 मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी, नुसता फोन समोर ठेवलेला असला तरी दोन माणसांतले बोलणे फिके होते, असे दाखवले होते. पुढच्या सगळ्या प्रयोगांत तसेच निष्कर्ष आले नाहीत. त्यावर फार इमारत उभी करू नये. मुलांना फोन सोडायला सांगणारे वडील जेवताना धंद्याचे फोन घेतात, हे कळायला प्रयोग लागत नाही.

मग उपाय कोणता? महाराष्ट्रात 2022 साली दोन गावांनी दोन वेगळे मार्ग धरले. यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी ग्रामसभेने 18 वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने संध्याकाळी सातला भोंगा वाजवून साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याचे ठरवले. पहिल्या ठरावात मोठ्यांनी लहानांना बांधले. दुसऱ्यात मुलांच्या अभ्यासासाठी का होईना, मोठ्यांनी स्वतःलाही बांधून घेतले. मला दुसरा मार्ग पटतो, कारण त्यात मर्यादा खालच्या दिशेनेही पाळली जाते: बाप मुलासाठी फोन ठेवतो. जपानमध्ये रेल्वे कंपन्या डब्यात फोन न बोलण्याची विनंती करतात आणि लोक ती दंडाच्या भीतीशिवाय पाळतात, ते याच कारणाने; तिथे शेजारचा अनोळखी माणूसही मोजला जातो. 'आपल्याकडे हे व्हायचे नाही' असे म्हणणाऱ्याने माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर, जिथून पुढे मोटारींना बंदी आहे, जाऊन उभे राहावे. मुंबईचा कितीही मोठा माणूस असो, त्याची गाडी तिथे थांबते आणि पुढे तो पायी, घोड्यावर किंवा परवानगी मिळालेल्या ई-रिक्षाने जातो. नियम सगळ्यांना सारखा आहे आणि तो पाळला जातो की नाही हे बघायला रोज तिथली माणसे हजर असतात, म्हणून तो टिकला.

नेरळ-कर्जतच्या पासधारकांनी आपापल्या डब्यापुरते हे ठरवून पाहावे: पहाटेच्या गाडीत कल्याणपर्यंत कोणाच्याही फोनचा आवाज नको, आणि सांगण्याची सुरुवात ओळखीच्या, बऱ्या कपड्यातल्या माणसापासून. ग्रामपंचायतींनी धबधब्याच्या वाटेवर धोक्याच्या फलकाशेजारी दुसरा फलक लावावा: वाडीत विचारल्याशिवाय फोटो काढू नये. आणि ज्यांची इथे फार्महाऊस आहेत त्यांना विनंती, राखणदाराला रात्री नऊनंतर फोन करू नका. सकाळी कराल तेव्हा आधी त्याचे जेवण झाले का विचारा, आणि त्याचा फोन आला तर उचला.